माहेरवाटेचा टायर

आबा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या टायरकडे. मी बदली होऊन धुळ्याला आलो आणि साक्री रोडच्या आतल्या गल्लीत खोली बघायला म्हणून त्यांच्या दाराशी सायकल टेकवली, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, पगार यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. खाली बसले, चष्मा कपाळावर चढवला, माझ्या मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डाव्या अंगाले झिजेल शे. कलून बसता तुम्ही. माणूस आळशी, पण खोटा नही. खोली दिधी!"

त्या एका झिजलेल्या टायरावर मी त्या घरात लग्न होईपर्यंत राहिलो. लग्न ठरलं तेही आबांना विचारूनच. मुलीच्या वडिलांची सायकल त्यांनी उलटी करून पाहिली होती.

हसू नका. गल्लीत ज्या ज्या घरी लग्नाची पोर होती, त्या घरचे लोक पाहुणे यायच्या दिवशी आबांना ओसरीवर आणून बसवायचे. आत पोहे चालायचे, मुलगा मान खाली घालून बसायचा, आणि आबा बाहेर मुलाच्या सायकलीशी गप्पा मारत असायचे. मग आत येऊन निकाल द्यायचे. "पुढला टायर नवा, मागला फाटेल. पुढं दाखाडाले एक, मांगे एक. पोर देऊ नका." एका मुलाला त्यांनी सायकलीच्या ट्यूबला किती ठिगळं आहेत ते पाहून पास केलं होतं. म्हणाले, "सहा ठिगळं, पण एकबी सुटेल नही. हा संसार करी." त्या जोडप्याला आता नातवंडं आहेत आणि ती ठिगळं अजून सुटलेली नाहीत, असं मी ऐकतो.

आबांचा धंदा मोटारी बांधायचा. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या बैलगाडीत घालून आणायचे आणि आबा आतल्या जळक्या तारा काढून नव्या गुंडाळून द्यायचे. जळालेली मोटार गाडीतून खाली उतरायच्या आत ते नुसत्या वासावरून सांगायचे, की ही उसाला पाणी देताना जळली की कांद्याला. कांद्याची असली तर म्हणे डोळ्यांतून पाणी यायचं. मी हे छातीवर हात ठेवून सांगत नाही, पण कांद्याच्या मोटारी बांधताना त्यांचे डोळे पुसलेले मी पाहिले आहेत.

चप्पल ते वापरायचे, पण हातात. "रस्ता आधी तळपायाले इचारना," असं त्यांचं म्हणणं. नव्या रस्त्याला लागले की चपला काढून बगलेत मारायच्या आणि डोळे मिटून दहा-वीस पावलं चालायचं. तेही धुळ्याच्या वैशाखात! धुळ्याचा वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगणार? एका वर्षी डांबर असं पातळ झालं, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस सडक ओलांडून गेली, तिच्या खुरांचे ठसे उमटले, आणि दिवाळीला पोरांनी त्या ठशांत पणत्या लावल्या. त्या डांबरावरून आबा अनवाणी जायचे आणि पलीकडे पोचून शांतपणे सांगायचे, "इथं खडी कमी घालेल शे."

माणसांनाही ते रस्त्यांचीच नावं द्यायचे. आमच्या कचेरीतला साहेब म्हणजे वाळू. दिसायला मऊ, एकदा पाय घातला की सोडत नाही. गल्लीतला वकील म्हणजे रोजगार हमीची खडी, बसलेली दिसते, पण टोचते. मी एकदा चावटपणे विचारलं, "आणि अक्का?"

अक्का म्हणजे त्यांची बायको. आत ज्वारी निवडत बसल्या होत्या. आबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती पाटना बांध शे. वरून मऊ, आतून पक्की. अन् एका अंगाले कायम वल्ली."

ही जी एका अंगाची ओल, तीच या सगळ्या गोष्टीचं मूळ.

अक्कांना गाडी लागायची. आता गाडी पुष्कळांना लागते. लिंबू हुंगतात, खिडकीशी बसतात, गाव येतं, उतरतात. अक्कांचं तसं नव्हतं. पेट्रोल आणि डिझेल या दोन वासांशी त्यांच्या पोटाचं मागच्या जन्मीचं वैर होतं. एसटी स्टँडवर गाडी सुरू झाली की इकडे दोन गल्ल्या पलीकडे अक्का चूल सोडून मोरीकडे धावायच्या. कुणी स्कूटरवाला पाहुणा आला तर आबा त्याला कोपऱ्यावरच गाठायचे आणि स्कूटर तिथेच लावून हात राखेनं धुवून मगच घरात घ्यायचे. आबांनी स्वतः हयातीत कधी मोटारसायकल घेतली नाही. लोक म्हणायचे कंजूष आहे. आबा म्हणायचे, "पेट्रोलना वास म्हणजे दुसराना घरना वास."

अक्कांचं माहेर कुसुंब्यापुढे सडक सोडून आत, पांझरा नदीच्या पलीकडच्या काठाला. फार लांब नव्हे, एसटीनं सकाळी निघून दुपारी भाकरी खायला परत येता येईल इतकं. आणि जोवर त्यांच्या भावाकडे बैल होते, तोवर वाटही सरळ होती. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. झोका खेळते, गाणी म्हणते, वर्षाचं सासर अंगावरून झटकून टाकते. तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. अक्कांचा मुऱ्हाळी दर साली बैलगाडी घेऊन यायचा. गाडीला नवी ताडपत्री, बैलांच्या शिंगांना रंग. अक्का गाडीत बसायच्या तेव्हा, गल्लीतल्या म्हाताऱ्या सांगतात, पन्नाशीच्या बाईची चौदा वर्षांची पोर व्हायची.

मग भावाची भरभराट झाली. कांद्याला एका साली असा भाव मिळाला, की त्यानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला. आणि त्या साली मुऱ्हाळी ट्रॅक्टर घेऊन आला! पुढच्या बोनेटला हार, मागे ट्रॉलीत गादी, गादीवर लोड. अक्का नवं लुगडं नेसून, पदरानं नाक बांधून, देवाचं नाव घेऊन चढल्या. ट्रॅक्टर जकात नाक्यापर्यंत पोचला. तिथून अक्का पायी परत आल्या, एका हातात पिशवी, दुसरा हात भिंतीला. तोंड पांढरं फटक. दारात आबांना म्हणाल्या, "मन्हा भाऊ मोठा व्हयना. मन्हं माहेर बंद व्हयनं."

त्यानंतर किती आखाज्या गेल्या ते अक्का बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी त्या पुरणाची डाळ शिजवता शिजवता अशा थांबायच्या, की डाळ करपायची. आणि खाताना आबा प्रत्येक घासाला म्हणायचे, "वा! काय डाळ शे!"

मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, होळी झाल्यावर, माहेरच्या गावचा एक माणूस बाजाराला आला आणि निरोप देऊन गेला. अक्कांची आई अंथरुणाला खिळली होती. तिचा निरोप असा होता: निंबाले झोका बांधेल शे. हाई आखाजी शेवटनी, पुढली मी काही देखाव नही.

अक्कांनी निरोप्याला चहा दिला, घरच्यांची चौकशी केली, आणि तो गेल्यावर पदर डोळ्याला लावून भिंतीकडे तोंड करून बसल्या. आबा दुकानात निघून गेले. संध्याकाळी परत आले ते एका जुन्या हलक्या सायकलीचा सांगाडा खांद्यावर घेऊन.

"हाई काय?" अक्का म्हणाल्या.

"तुन्हा मुऱ्हाळी."

आबांना दमा होता. डबलसीट घेऊन स्वतः पायडल मारायचं म्हटलं असतं तर ते नाक्यापुढे गेले नसते. पण मोटार बांधणाऱ्या माणसाला मोटारीची काय कमी? भंगारातल्या ट्रकची एक छोटी मोटार त्यांनी उकलली, आपल्या हिशोबानं तारा गुंडाळल्या, दोन बॅटऱ्या दांडीखाली टांगल्या. धूर नाही, वास नाही, आवाज म्हणाल तर दोन मांजरी आपसात खाजगी बोलतात इतका. मग वजन कमी करायची मोहीम निघाली. मडगार्ड काढले, स्टँड काढलं, साखळीवरची झाकणी काढली. घंटी काढताना अक्का म्हणाल्या, "घंटीबी?"

"तू शे ना मांगे बसेल. घंटी कशाले जोयजे?"

मोटारीचं काम आठवड्यात झालं. राहिला टायर. आणि तिथे आबा अडकले ते असे अडकले, की मोटारी जळालेले शेतकरी दुकानाच्या दारात झोपायला लागले. कारण वाट एक नव्हती, चार होत्या. आधी डांबरी सडक, मग रोजगार हमीची खडी, मग काळ्या मातीची गाडवाट, आणि शेवटी पांझरेचं कोरडं पात्र, म्हणजे नुसती वाळू. वैशाखात काळी माती अशी फाटते, की भेगेत टाकलेला खडा कुठे पडला ते ऐकू येत नाही. शिवाय सगळीकडे बाभळीचे काटे वाट बघत उभे. डांबरावर बारीक टायर चांगला, हलका पळतो, बॅटरी पुरते. तोच वाळूत सुरीसारखा रुततो. जाड टायर वाळूत डौलात चालतो, पण डांबरावर बॅटरी पिऊन टाकतो. "एक टायर," आबा म्हणायचे, "अन् चार सासवा."

आज हे लिहिताना गंमत वाटते. आता माझ्या राहत्या गावात विजेच्या सायकली चिलटांसारख्या झाल्यात. मागे मुलासाठी घ्यायला गेलो तर दुकानातल्या चुणचुणीत पोरीनं विचारलं, "काका, टायर कुठला देऊ? रोडचा की मिक्स?" कुणीतरी चपला बगलेत मारून, डोळे मिटून, माझ्याऐवजी उत्तर द्यावं म्हणून मी खरोखर मागे वळून पाहिलं. मागे एक आरसा होता, दुसरं कुणी नव्हतं.

तर टायर. गल्लीच्या तोंडाशी चाचांचं पंक्चरचं दुकान होतं. आबा आणि चाचा यांचं भांडण गल्लीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात प्रेमाचं. रोज संध्याकाळी आबा एक टायर घेऊन जायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे.

"क्या आबा," चाचा म्हणायचे, "टायर घेता का पोरगी बघता? रोज एक नापसंत!"

"तुन्ह्या टायरले नाक नही चाचा. वाट हुंगत नही."

"नाकवाला टायर अल्ला के पास मिलेगा. जाके लाओ."

चाचण्यांना वजन पाहिजे. अक्कांचं वजन किती? आबांनी एकदा, फक्त एकदाच, धान्याच्या काट्याचं नाव काढलं. अक्का म्हणाल्या, "मी काय कापूस शे का, काट्यावर चढाले?" तो विषय संपला. मग आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हिशोब मांडला, की मी आणि मांडीवर एक मोठं डांगर, म्हणजे लाल भोपळा, मिळून अक्का. त्या चैत्रात रोज कचेरी सुटल्यावर मी डांगर मांडीवर घेऊन आबांच्या मागे कॅरियरवर बसून धुळ्याच्या चारी दिशा पाहिल्या. गल्लीतली पोरं मला अक्का म्हणायला लागली. कचेरीत शिपायानं एकदा चहा ठेवताना "घ्या अक्का" म्हटलं, तेव्हा कीर्ती कुठवर पोचली ते कळलं.

पहिला टायर रेसरचा, बोटाएवढा. डांबरावर आम्ही असे सुटलो, की एका ट्रकला मागे टाकलं आणि ट्रकच्या क्लीनरनं आम्हाला हात जोडले. मग काळ्या मातीत शिरलो. पुढचं चाक भेगेत गेलं आणि तिथेच राहिलं. आबा, मी आणि डांगर पुढे गेलो. डांगर सगळ्यात लांब गेलं. दुसरा टायर लूना मोपेडचा, जाडजूड. वाळूत राजासारखा चालला, पण परत येताना डांबरावर बॅटरी अशी संपली, की आबा हँडल धरून आणि मी मागून ढकलत घरी आलो. अक्कांनी दारातून पाहिलं आणि विचारलं, "हाई विजेवर चालस का कारकुनावर?"

तिसरा टायर गोट्यांचा, म्हणजे अंगभर रबरी गाठी असलेला. मातीत त्यानं जमीन घट्ट धरली, खडीवर उसळला नाही, पण डांबरावर भुंग्यासारखा गुणगुणायचा आणि त्या गाण्यापायी बॅटरी प्यायचा. आबा दोन दिवस तो टायर उशाशी घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी कानस घेतली आणि त्या कोऱ्या टायरच्या मधल्या गाठी घासून सपाट करायला बसले. फक्त मधल्या. कडेच्या तशाच ठेवल्या. चाचांनी दुकानातून हे पाहिलं आणि पाने टाकून धावत आले.

"आबा! लोग टायर घिसने के बाद फेंकते हैं, तुम घिस के डालते हो?"

"देख चाचा. सडकेवर फक्त मधला पट्टा टेकी. गुळगुळीत शे, पळी. वाळूत चाक खाल जाई, तवय कडेच्या गोट्या धरतीन."

चाचा बराच वेळ टायर फिरवून बघत राहिले. मग खाली बसले आणि दुसरी कानस मागितली. नंतर जुन्या ट्यूबा फाडून त्यांनीच टायरच्या आतून अस्तर लावलं, काटा लागला तरी हवेपर्यंत पोचू नये म्हणून. हवेचा नियमही ठरला: डांबरावर टाइट, वाळूच्या तोंडाशी निम्मी सोडायची. पंप माझ्याकडे. मी माझ्या सायकलीवर मागून चालणार होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो, ट्रक जागे व्हायच्या आत. कॅरियरवर गोधडीची घडी, तिच्यावर अक्का. पदर नाकावर, मुठीत लिंबू. सडकेवर सायकल तेलावरून घसरावी तशी चालली. निम्म्या वाटेवर पहिला ट्रक समोरून आला. आबांनी सायकल थांबवून वाऱ्याकडे तोंड फिरवलं, पण वारा कुणाच्या बापाचा आहे? धुराचा लोट अंगावरून गेला. अक्कांचं कपाळ घामानं भरलं. ओठ पांढरे.

"परत फिरू?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

अक्कांनी नुसती मान हलवली, पुढे.

तीन ट्रक तसे गेले. चौथ्याच्या आत कुसुंबं आलं, सडक सुटली, खडी लागली. टायर उसळला नाही. गाडवाट आली. भेगा आडव्या आल्या आणि टायर त्यांच्यावरून गेला. आबांनी पाटाच्या पाण्यात पाय घालायलाही गाडी थांबवली नाही. आणि मग अक्कांनी नाकावरचा पदर खाली घेतला. पहिल्यांदा. मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "कैऱ्या उतरी ऱ्हायनात कोणीतरी."

पांझरेच्या वाळूशी मी हवा निम्मी सोडली. अक्का उतरायला तयार नव्हत्या. "इतली उनू, आते उतरू?" आबांनी बटण दाबलं, सायकल गुरगुरली, जरा खाली बसली, आणि कडेच्या गोट्यांनी वाळू धरली. त्या दोघांना घेऊन ती नदीतून अशी गेली, की काठावरच्या डबक्यात म्हशी धुणारा माणूस उभा राहिला आणि त्याच्या हातातली म्हैस गेली.

निंबाखाली खाट होती. खाटेवर अक्कांची आई, म्हणजे गोधडीखाली जेमतेम एक सुरकुती. शेजारी फांदीला झोका. अक्का खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीनं डोळे उघडले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "इतला उशीर करा व माय?"

अक्का म्हणाल्या, "टायर भेटत नव्हता, माय."

सगळे हसले. अगदी खळखळून.

दुसऱ्या दिवशी अक्का झोक्यावर बसल्या. सुनांनी, नातींनी झोका दिला, आणि अक्का वर गेल्या की खाटेवरून म्हातारीचे डोळे वर जायचे, खाली आल्या की खाली. आबा ओट्यावर बसून हे बघत होते. मी शेजारी होतो. बॅटऱ्या भरायच्या होत्या, त्या भावानं आपल्या ट्रॅक्टरच्या डायनामोला जोडून दिल्या. ज्यानं वाट अडवली होती तोच आता वाटेला लावत होता. अक्का तेवढा वेळ मळ्यात जाऊन बसल्या.

परतायच्या सकाळी म्हातारीनं सुनेला हाक मारली आणि पेटी उघडायला लावली. आत लुगडी होती. ज्या ज्या आखाजीला अक्का आल्या नव्हत्या, त्या त्या आखाजीचं एकेक. मग कुरडया, पापड, उडदाची डाळ, कळण्याचं पीठ, लोणच्याची बरणी, शेंगदाणे, आणि एक पितळी घागर. चुकलेल्या सगळ्या वर्षांचं माहेर ओट्यावर रचलं गेलं. म्हातारीनं स्वतःला खाटेवर बसतं करून घेतलं आणि लुगड्यांचं गाठोडं स्वतःच्या हातानं बांधलं. तिच्या हातात इतकं बळ होतं हे घरच्यांनाही माहीत नव्हतं.

आबांचं तोंड उतरलं. त्यांनी टायर चार वाटांसाठी बघितला होता, काट्यांसाठी, उन्हासाठी. अक्कांच्या वजनाला डांगर धरलं होतं. पण जन्मभर खान्देशात राहून हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, की माहेराहून बाई रिकामी येत नाही. जायचा टायर त्यांनी बघितला होता. यायचा बघितलाच नव्हता.

"दाजी," भाऊ हसायला लागला, "तुम्ही खान्देशात वाढनात का इंग्लंडात?"

"ट्रॅक्टरवर टाक ना मंग!" आबा ओरडले.

"नको," अक्का म्हणाल्या. "कुरडयासले डिझेलना वास लागी. माले खावाई नही."

"मंग मांगून ली जाऊ. आठ दिवसांनी."

खाटेवरून म्हातारी म्हणाली, "मन्हा डोयासमोर जावाले जोयजे."

पुढे वाद नव्हता. माझ्या सायकलीला जेवढं लटकेल तेवढं लटकवलं. घागर माझ्या हँडलला. तरी गाठोडं आणि धान्य उरलं, आणि ते आबांच्या कॅरियरवर बसवल्यावर अक्कांना जागा उरली नाही. आबा कॅरियरकडे बघायचे, अक्कांकडे बघायचे. शेवटी अक्काच म्हणाल्या, "वझं ली जा. मी ऱ्हास. दुसरा टायर करा अन् माले लेवाले या."

आम्ही निघालो. म्हातारी खाटेवर बसून बघत होती. अक्का तिच्या पाठीशी, तिला धरून.

धुळ्यात आल्यावर आबांनी ओझं मधल्या खोलीत उतरवलं आणि लगेच चाचांकडे गेले. म्हातारी अक्कांना दुसऱ्यांदाही रिकामी सोडणार नव्हती, तेव्हा अक्का आणि माहेर दोन्ही एकदम पेलेल असा टायर पाहिजे होता. दोघांनी पुन्हा कानशी काढल्या. कडा जाड केल्या, मधला पट्टा रुंद केला, एक टायर फाडला, दुसरा शिवला. रोज संध्याकाळी आबा म्हणायचे, "उद्या जास." दुसऱ्या दिवशी चाचा म्हणायचे, "एक दिन और, आबा. वो गाठोडं लई भारी आहे." गल्लीतल्या बायका कुरडया मागायला यायच्या. माहेरचा वाटा वाटायची रीतच आहे. आबा त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे. "तिले येऊ द्या."

टायर व्हायचा होता, तेवढ्यात निरोप आला. म्हातारी गेली. पहाटे, अक्कांच्या मांडीवर. त्याआधीचे सगळे दिवस ती अक्कांशी बोलत होती, म्हणे. दुपारी झोपायची, उठली की पुढे सुरू. इतकी वर्षं साठलेलं बोलायचं होतं.

आबा त्याच सायकलीनं, जुन्याच टायरावर गेले, दिवसकार्य होईतो तिथेच राहिले. परत आले ते एका उन्हं कलत्या दुपारी. मी दारातच होतो. अक्का कॅरियरवरून उतरल्या. दुखवट्याच्या घरून कुणी पिशवी भरून देत नाही, निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. कॅरियरवर नुसती गोधडी होती.

"बॅटरी उरनी," आबा मला म्हणाले. "निम्मी उरनी. गाडी इतली हलकी चालनी भो..." आणि त्यांना दम लागला. सायकल तर मोटारीनं ओढली होती.

अक्का आत गेल्या. मधल्या खोलीत ओझं जसं उतरवलं होतं तसंच होतं. आबांनी कशाला हात लावू दिला नव्हता. लुगड्यांच्या गाठोड्याशी अक्का खाली बसल्या. गाठ आईच्या हातची, तशीच आवळलेली.

तेवढ्यात चाचा हात पुसत आले. मधे ते गावी गेले होते, म्हातारी गेल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरूनच ओरडले, "क्यों आबा, वही पुराना टायर? कैसा निकला?"

टायरबद्दल विचारलं की आबा अर्धा तास बोलायचे. त्या दिवशी ते उंबऱ्यात उभे राहिले, एकदा आत पाहिलं, आणि म्हणाले, "चुकना रे चाचा. ती तठेच ऱ्हायनी. बरं व्हयनं."

आत अक्का वाकून दातांनी गाठ सोडत होत्या.